शिंक झाली, बस खाली

आमच्या घरात कोणी आवाजावरून ओळखू यायचं, कोणी पावलांवरून. मी ओळखू यायची नाकावरून. मढला पावसाळा लागला की माळशेजच्या बाजूनं धुकं उतरायचं, गावात शिरायचं, ओसरीवर यायचं, चुलीपाशी बसायचं आणि शेवटी माझ्या छातीत मुक्कामाला राहायचं. दसऱ्यापर्यंत हलायचं नाव नाही. दोरीवरची लुगडी चार-चार दिवस ओली राहत, भिंतींना हिरवी बुरशी येई, आणि मी श्वास घेतला की मांजराचं पिल्लू गुरगुरतंय असं वाटून नवखा पाहुणा खाटेखाली वाकून बघे. शाळेत माझी जागा अगदी मागं, दाराजवळ, कारण पाढे म्हणताना माझा खोकला मध्ये येई. "जा, बाहेर खोकून ये," गुरुजी म्हणत. मी जाई. खोकून परत येईपर्यंत वर्ग बारावरून तेरावर गेलेला असे. त्यामुळे मला आजही बाराचा पाढा अर्धाच येतो आणि तेराचा मधूनच सुरू होतो. आठवीच्या पावसाळ्यात मी वर्गापेक्षा व्हरांड्यातच जास्त होते. दिवाळीनंतर गेलेच नाही. कोणी रागावलं नाही आणि कोणी बोलवायलाही आलं नाही. त्याचं वाईट वाटायला मला पुढं बरीच वर्षं लागली. तेव्हा फक्त सुटल्यासारखं झालं होतं.

मग एक दिवस आत्या आली. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण, आण्याला दिलेली. मढ आणि आणे एकाच तालुक्यातली गावं, एकाच कल्याण–नगर रस्त्यावरची, पण मढ या टोकाला आणि आणे त्या टोकाला. मढला ढग जमिनीवर चालतात. आण्याच्या पठारावर ते वरूनच खाली बघतात आणि पुढं जातात. आत्यानं पिशवी ठेवली, पाणी प्यायली आणि माझ्याकडं कान करून म्हणाली, "हिच्या छातीत पिठाची गिरणी चालू हाय का रं?" वडील काहीतरी औषधांचं सांगू लागले, तर तिनं हातानंच त्यांना गप्प केलं. "औषध-बिवषध ऱ्हाऊ दे. मी नेते हिला. आमच्याकडं दुसरं काय नसंल, पर कोरडी हवा हाय, आन ती लई हाय."

मी सोळा वर्षांची होते. एसटीत खिडकीशी बसून मी सारखी विचार करत होते, की आत्याला माझा कंटाळा किती दिवसांत येईल. आज तमिळनाडूत, आण्यापासून दोन दिवसांच्या रेल्वेवर बसून हे लिहिताना कळतं, की तो विचार मी अजून पूर्ण सोडलेला नाही. कोणी मला चहा दिला तरी मला वाटतं, कपबशी मीच विसळून ठेवावी, म्हणजे पुढच्या वेळीही देतील.

आत्याचं घर तीन खोल्यांचं, पत्र्याचं. पठारावरचा वारा दिवसभर त्या पत्र्याशी बोलत असे, आणि सुरुवातीचे दिवस मला सारखं वाटे की कोणीतरी दार वाजवतंय. स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीलाच लागून कोंबड्यांची शेड. भिंत एकच, तीही एका विटेची, त्यामुळे आपण भाकरी थापत असलो तरी पलीकडं कोण कोणाला टोचतंय हे कळायचं. मढला मी भातावर वाढलेली. इथं बाजरीची भाकरी, आणि थंडीत आठवड्यातून दोनदा हुलग्याची शेंगोळी. आत्या लसूण-मिरचीचं वाटण असं घाली, की पहिल्या घासाला नाक, दुसऱ्याला डोळे आणि तिसऱ्याला मन मोकळं होई. पंधरा दिवसांत माझ्या छातीतलं मांजर निघून गेलं. आयुष्यात पहिल्यांदा मी पूर्ण श्वास घेतला आणि घाबरले. एवढी हवा आत घ्यायची असते, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

छाती सुटली, पण नाक नाही. पठारावर धूळ आणि शेडमध्ये अंथरलेलं भाताचं तूस, म्हणजे शिंका आल्याच. आणि नेमक्या त्या घरात शिंकेला फार मान होता. मामा, म्हणजे आत्याचे यजमान, एसटीत मेकॅनिक होते. त्यांच्या वडिलांनी धम्म घेतला होता. भिंतीवर बावीस प्रतिज्ञा चौकट करून लावलेल्या, आणि मामा आल्यागेल्याला सांगत, "आपल्यात शकुन-अपशकुन नाय. माणसानं बुद्धीनं चालावं." पण ते कामाला निघताना घरात कोणी शिंकलं, की मामा उंबऱ्यातच वाकत आणि बुटाची नाडी बांधायला घेत. नाडी आधीच बांधलेली असे. ती सोडत, परत बांधत, घोटभर पाणी मागत आणि मगच बाहेर पडत. आत्याला असलं झाकून करायची गरज वाटत नसे. ती सरळ सांगे, "शिंक झाली, बस खाली. पाणी पी. मंग जा." सकाळची एसटी वळणावर हॉर्न देई आणि मी मोरीत जाऊन नाक दाबून उभी राही, की बाई गं, आता नको. दाबलेली शिंक कानांत जाऊन फुटे. दोनदा मला दिवसभर ऐकू आलं नाही. पण मामांची बस चुकली नाही, यात मला सगळं मिळालं.

शेड आत्याची होती. मामांचा त्यात फक्त पत्रा. आदल्या वर्षी तिची सगळी पिल्लं मानमोडीनं गेली होती. मानमोडी म्हणजे राणीखेत. कोंबडीला आधी सर्दी होते, मग मान वाकडी होते, मग संपतं. जुन्नरला त्याच नावाचा डोंगर आहे, लेण्यांचा. आत्या एसटीतून तिकडं गेली की दुसऱ्या बाजूला तोंड करून बसे. डोंगरानं काय केलं होतं, बिचाऱ्यानं! तर आता तिनं धीर करून परत पाचशे पिल्लं आणली होती, आणि त्यांचं सगळं माझ्याकडं दिलं होतं: उबेचे बल्ब, पाणी, तूस हलवणं, गोणपाटाचे पडदे वर-खाली करणं. शेजारणीला एकदा ती हसत म्हणाली, "शेड हाय तवर सुमी हाय." ते ती माझं कौतुक म्हणून म्हणाली. मी मात्र तेव्हापासून रोज पिल्लं मोजायला लागले. शेड गेली की मी गेले. मी गेले म्हणजे मढ, धुकं आणि मांजर.

पिल्लं सहा दिवसांची झाली तेव्हा जनावरांचे डॉक्टर लस घेऊन आले. शिनोलीचे होते, उंच, बारीक, मोटरसायकलवर बसले की गुडघे हँडलच्या वर येत. थर्मासमध्ये बर्फ, बर्फात एवढीशी बाटली. मला वाटलं सुई टोचणार. तर ते म्हणाले, "एकेकाच्या डोळ्यात एक थेंब. डोळ्यात टाकला की नाकात उतरतो. चोर ज्या दारानं येतो, त्याच दाराला पहारा शिकवायचा." सुरुवात त्यांनी केली, मग ड्रॉपर माझ्या हातात दिला. "पोरीचा हात हलका हाय," असं ते आत्याला म्हणाले आणि बाहेर मामांशी बोलत उभे राहिले. माझ्या हाताला आयुष्यात कोणी काही म्हणायची ती पहिलीच वेळ. पिल्लू डाव्या मुठीत धरायचं, डोकं जरा तिरकं करायचं, थेंब टाकायचा, त्यानं डोळा मिटेपर्यंत थांबायचं आणि पलीकडच्या टोपलीत सोडायचं. ऊब मुठीत मावायची नाही. साडेचारशेच्या पुढं गेले असेन तेव्हा तुसाची धूळ नाकात गेली. एका हातात पिल्लू, एका हातात ड्रॉपर, नाक दाबायला तिसरा हात नव्हता. मी शिंकले. टोपलीभर पिल्लांवर, अगदी तोंडभरून शिंकले. आत्या पाणी आणायला गेली होती. कोणी पाहिलं नाही. मी उरलेली पिल्लं पूर्ण केली आणि कोणाला काही बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मामा डबा घेऊन उंबऱ्यात आले आणि भिंतीपलीकडून आवाज आला. चिक्, असा. मामा वाकले, नाडी सोडली, बांधली. उठले तर परत चिक्. परत वाकले. मग तर दोन बाजूंनी, चार बाजूंनी, पत्र्यावर पावसाचे थेंब पडावेत तशा बारीक बारीक शिंका. मामांची कंबर वर येईना. बाहेर बसनं हॉर्न दिला, थांबली, निघून गेली. आत्या पिठाचे हात तसेच घेऊन भिंतीला कान लावून उभी होती. "अगं बया," ती म्हणाली, "ही तर सगळीच्या सगळी शिंकाया लागली." तिचा चेहरा मी कधी विसरणार नाही. मागच्या वर्षीही सुरुवात शिंकेनंच झाली होती.

त्यानंतरचे दोन दिवस त्या घरात कुठलंच काम सुरू होईना. आत्या पिठाला हात लावी, पलीकडून शिंक. हात काढून बसे, पाणी पिई. मामा रेडिओ लावायला उठत, शिंक. परत बसत. सगळं घर पाणी पिऊन पिऊन तट्ट फुगलं होतं. दुसऱ्या दिवशीही मामांची बस गेली. ते म्हणाले, "ही अंधश्रद्धा न्हाई बरं का. नाडीच तुटत्येय सारखी." आत्यानं मात्र उपाय सुरू केले होते. माणसाला सर्दी झाली की ती वेखंड आणि ओव्याची धुरी देई, तीच तिनं पिल्लांना द्यायचं ठरवलं. गोणपाटाचे पडदे खाली सोडून दोन घमेल्यांत निखारे, वर ओवा, वेखंड, लसणीची सालं. शेडमधून धूर, धुरातून शिंका, भिंतीच्या फटीतून तो स्वयंपाकघरात, मग आम्हीही शिंकायला लागलो. कोण कोणाच्या शिंकेला थांबतंय हेच कळेनासं झालं.

मला मात्र सगळं कळत होतं. माझंच नाक. मी सर्दी दिली होती पिल्लांना. संध्याकाळी चुलीपुढं मी आत्याला सांगून टाकलं, "आत्या, थेंब टाकताना मी शिंकले होते. त्यांच्या अंगावर." आत्यानं परातीतलं पीठ पुन्हा मळायला घेतलं. भाकरी तव्यावर फुगून करपायला लागली तेव्हा म्हणाली, "मंग तू काय दिवस मढलाच जा बाई. शेडपासनं लांब बरी. पिल्लं जगली वाचली तर बघू." आवाज रागाचा नव्हता. राग असता तर मी हातापाया पडले असते.

सकाळी मी पिशवी भरली. दोन परकर-पोलकी, कंगवा, आत्यानं बांधून दिलेली चटणी. आत्या दारापर्यंत आली. मी पिशवी उचलली आणि पलीकडून चिक्. आत्या सवयीनं म्हणाली, "बस खाली. पाणी पी." मी बसले, प्याले, उठले. चिक्. "बस." तिसऱ्यांदा उठले तर मामा शिंकले, धुरानं. चौथ्यांदा खुद्द आत्याच. तोंडावर पदर धरून ती म्हणाली, "आता माझीच झाली, मी काय करू? बस." मी पिशवी मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसून राहिले. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्याला धुराचं निमित्त होतं. बस आली, हॉर्न दिला, गेली. आणि ती गेल्यावर तिच्या धुरळ्यातून मोटरसायकल आली, हँडलच्या वर गुडघे.

डॉक्टर उतरले आणि हातानंच आम्हाला गप्प बसायला सांगितलं. शेडच्या जाळीपाशी गेले, डोळे मिटून गाणं ऐकावं तसे ऐकत राहिले. "व्वा," म्हणाले, "काय मस्त शिंकतायत!" आत्या बघतच राहिली. मग त्यांना धूर दिसला. "हे कुणी केलं?" असं ओरडून त्यांनी दोन्ही घमेली पायानं बाहेर लोटली आणि सगळे पडदे वर केले. "नाकाच्या आत बारीक केसांचं गवत असतं ताई, डोळ्याला दिसत नाही एवढं. ते सारखं हलतं. शेंबूड म्हणजे चिखल, त्यात जंतू रुततो आणि हे गवत त्याला ढकलत ढकलत बाहेर काढतं. तुमच्या धुरानं ते गवतच आडवं पडतं. पहारेकऱ्याला झोपवून दारात चोर शोधताय तुम्ही!"

"पर ती शिंकत्यात का?" आत्यानं विचारलं.

"लस दिलीय म्हणून! लस म्हणजे काय, अर्धमेला जंतू. तो नाकात उतरला, आत आरडाओरडा झाला, म्हणून शिंका. हे बघा." आणि त्यांनी आमच्या दारातच शिकवणी घेतली. "समजा हे घर म्हणजे नाक. दारात कोण बसतं? तुम्ही. अनोळखी कुत्रं आलं, फेरीवाला आला, तर नाव-गाव विचारता का?"

"मी कशाला विचारू? आधी झाडू."

"बरोबर. काही पहारेकरी तसेच असतात. आधी झाडू. कधी घाईत घरच्याच माणसाला बसतो, म्हणून नाक सुजतं, लाल होतं. ज्या खोलीत चोर शिरला ती खोली शेजारणींना ओरडून सांगते, कड्या लावा गं. या पहारेकऱ्यांना कुणाचं तोंड लक्षात ठेवता येत नाही, पण ते लगेच धावतात. आणि दुसरे असतात ते भाऊंसारखे." सगळ्यांनी मामांकडं पाहिलं. "ते आरामात येतात. आधी नाडी बांधतात, पाणी पितात, आठवडाभरानं पोचतात. पण एकदा चेहरा बघितला की विसरत नाहीत. लस कशासाठी? झाडूवाल्यांनी बोंब मारावी आणि त्या बोंबेनं भाऊंनी उठून चेहरा बघून ठेवावा यासाठी."

मी कसंबसं विचारलं, "डॉक्टर, मी शिंकले होते त्यांच्यावर. माझी सर्दी..."

"तुझी सर्दी तुझ्यापाशीच राहती बाई. कोंबडीला ती काय करायची?" मग ते मामांकडं वळले. "पण भाऊ, मी तुम्हाला त्याच दिवशी सांगून गेलो होतो, दोन-चार दिवस शिंकतील, घाबरू नका म्हणून."

मामांच्या चेहऱ्यावर ती आठवण सावकाश उगवत गेली. आधी भुवया, मग तोंड. मग ते वाकले आणि नाडी बांधायला लागले. आत्यानं त्यांना झाडू मारला नाही, एवढंच. "तीन दिस बस चुकवलीस माणसा," ती म्हणाली, "आन पोरीला घालवाया निघालो व्हतो आपण!" मग माझ्या मांडीवरची पिशवी तिनं ओढून घेतली, आत नेली आणि चटणीची पुडी काढून डब्यात परत ओतली. मला कोणी राहा म्हणालं नाही. चटणी ओतल्याचा आवाज ऐकला, तेवढं पुरलं. त्या दिवशी दुपारी शेंगोळी झाली. डॉक्टर दोनदा वाढून घेऊन जेवले आणि प्रत्येक घासाला नाक पुसत होते.

उन्हाळ्यात मानमोडी पठारावर आली. आजूबाजूच्या वस्त्यांवर फिरली. आमच्या शेडपर्यंत आली असणारच, पण आत शिरली नाही. आत्यानं त्याचं श्रेय स्वतःला घेतलं आणि मला अर्धं दिलं. मामांना काहीच दिलं नाही. पुढं मी ती शेड पाच वर्षं सांभाळली, लस द्यायला आसपासच्या गावांतून मला बोलावणी येऊ लागली, हात हलका आहे म्हणून. त्या हातामुळंच मला अंडी उबवणी केंद्रात काम करणाऱ्या माणसाचं स्थळ आलं, आणि त्याची बदली मला एवढ्या लांब घेऊन आली. माझी लेक आता प्रयोगशाळेत हेच शिकते. फोनवर ती सांगते, आई, त्या पहारेकरी पेशींना न्यूट्रोफिल म्हणतात, मॅक्रोफेज म्हणतात, पिवळा शेंबूड म्हणजे लढून मेलेल्या पेशी. मी म्हणते, असेल बाई, आमच्याकडं त्यांना आत्या म्हणतात. पण तेव्हापासून नाक शिंकरलं की मी मनात हात जोडते. कोणीतरी माझ्यासाठी नाव-गाव न विचारता धावून गेलेलं असतं.

लग्नानंतर इकडं यायला निघाले तो दिवस. जीप दारात उभी, ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून. आत्याच्या पाया पडले, तिनं डोक्यावरून हात फिरवला आणि स्वयंपाकघरात निघून गेली. मी पिशवी उचलली. तेवढ्यात आतून शिंक आली. मोठी, खणखणीत. बॅच विकून झालेली, शेड रिकामी, चूल थंड, आणि आत्याला सर्दी नव्हती.

मी पिशवी खाली ठेवली आणि उंबऱ्यात बसले. आत्या पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली, माझ्या शेजारी टेकली. मामा जीपवाल्याला म्हणाले, "थांबा राव जरा," आणि नाडी बांधायला खाली वाकले. त्यांच्या पायात त्या दिवशी चपला होत्या.